टेम्पो की कुरिअर? नाशिकहून भिवंडीच्या गोदामात माल

आमची तांब्याची भांडी नाशिकहून भिवंडीच्या गोदामात जातात आणि ऑर्डर आली की तिथूनच गिऱ्हाइकाकडे रवाना होतात. माल तिथवर न्यायचे दोन मार्ग.

टेम्पोत खोकी आपल्याच हातांनी रचता येतात, तांब्यांना पोचे येत नाहीत. पण गोदामात माल उतरवायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. एकदा कसारा घाटात पुढचा ट्रक बंद पडला, आमची वेळ हुकली आणि भरलेला टेम्पो परत आणावा लागला. दुहेरी भाडं अंगावर पडलं, ते अजून सलतं. कुरिअरला ही काळजी नाही. मात्र खोकी आपटणार हे धरूनच बांधायची: तांब्याच्या पोटात कागदाचे बोळे, वरून बबल रॅप, मग आतलं खोकं.

बारकोडचं स्टिकर सपाट बाजूलाच लावा. कडेवर दुमडलं की स्कॅन होत नाही. गोदामाचा पत्ता जीएसटी नोंदणीत जोडायचं कामही आधीच उरका. हे दोन्हीकडे सारखंच.

दिवाळीआधी खोकी वीसच्या वर गेली की मी टेम्पोच सांगते. एरवी कुरिअर.