स्लीव्ह सर्जरी, दीड वर्षानंतर: भाकरी अडते, भडंग सरकतं

परवा फोनवर भांडण झालं आणि मग हे लिहायला बसले. पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलात माझी स्लीव्ह (वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढायची शस्त्रक्रिया) झाली, तिथल्या आहारतज्ज्ञांशी बोलायचं होतं, कारण वजन पुन्हा वर सरकायला लागलंय. समन्वयक बाई म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुमचं पॅकेज मे महिन्यात संपलं. आता दर कॉलला बाराशे रुपये पडतील.’’ वजन भराभर उतरत होतं तेव्हा यांचेच फोन आपणहून यायचे. आधीचे आणि नंतरचे फोटो मागून घेतले, कौतुक केलं. आणि खरी गरज पडली तेव्हा बाराशे. मी शिक्षिका आहे. एखादं पोर वर्षभर पहिलं आलं आणि पुढच्या वर्षी मागे पडलं, तर त्याला वर्गात घ्यायला मी वेगळी फी मागत नाही. हे मी त्यांना फोनवर सांगितलं.

स्लीव्ह आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) यांतला बारीक फरक, छिद्रं किती, टाके किती, ते सोडून देते. माझी माहिती थोडक्यात. उंची पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४३, गुडघे दुखणारे, झोपेत श्वास अडकायचा. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन. वर्षभरात ७३ किलो. या दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, ७७. विम्याचं म्हणाल तर बीएमआय ४० च्या वर असला की दावा उभा राहतो. ३५ ते ४० मध्ये असाल तर मात्र झोपेतल्या श्वासाचा तीव्र आजार, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी कागदावर दाखवावं लागतं. माझा दावा पास झाला, पण डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनने भूक मारली का? हो, मारली. जठराचा वरचा फुगीर भाग काढून टाकतात, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक सगळ्यात जास्त तिथेच तयार होतं. पहिले सहा-आठ महिने मला जेवायची आठवण करून द्यावी लागायची. सासूबाई ताटाकडे बघून म्हणायच्या, ‘‘अगं, एवढंसं तर आमच्या दारातली चिमणी खाती.’’ आणि मला खरंच तेवढं पुरायचं. ज्याला आयुष्यभर पोटातल्या आगीने छळलंय त्यालाच या शांततेची किंमत कळेल. त्यासाठी मी या शस्त्रक्रियेची कायम ऋणी राहीन.

पण हे नवीन पोट अडवतं चुकीच्या माणसाला.

दुपारी शाळेत डब्यात चतकोर ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. चार घास झाले की छातीच्या हाडामागे दगड ठेवल्यासारखं होतं. जरा घाईने गिळलं तर तोंडात पाणी सुटतं, फेस येतो, उठून बाहेर जावं लागतं. चिकनचा कोरडा तुकडा, तेच. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, तेच. म्हणजे जे पोटाला पाहिजे ते दारातच अडतं. आणि संध्याकाळी पाचला शाळा सुटल्यावर साताऱ्यात पोवई नाक्याला एसटीतून उतरून वाटीभर भडंग घेतलं, तर ते कुठे गेलं पोटाला पत्ता नाही. दुसरी वाटी गेली तरी नाही. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, मेतकुटाचा वास, आणि दाताखालचा तो आवाज. घरी येईपर्यंत पुडी संपलेली, आणि रात्री जेवायला जागा आहेच.

यामागचं कारण मी वाचून काढलंय, ते सगळ्यांनी समजून घ्यावं. उरलेलं जठर म्हणजे अरुंद नळी, शंभर-दीडशे मिलिलिटरची. घट्ट, प्रथिनांचं अन्न तिच्यात थांबतं, भिंतीला ताण देतं, म्हणून पोट भरल्याची जाणीव येते. चुरमुरा चावला की त्याचं पीठ होतं, लाळेत मिसळून पातळ होतं आणि नळीत न थांबता पुढे आतड्यात जातं. ताण नाही, म्हणून जाणीवही नाही. बिस्किट चहात बुडवून खाल्लं, आइस्क्रीम खाल्लं, फरसाण खाल्लं, तरी हेच. वाटीभर चुरमुरे तोलले तर जेमतेम पंधरा ग्रॅम भरतात आणि त्यात प्रथिनं एक ग्रॅम. बाकी जवळजवळ सगळं पिष्ट, वर तेल, मीठ आणि मोजके शेंगदाणे. मला दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं पूर्ण करायची आहेत, आणि ही वाटी त्यांची जागा खाते.

हॉस्पिटलने दिलेली रंगीत फाइल माझ्यासमोर आहे. पहिला आठवडा पाणीदार पदार्थ, मग घट्ट द्रव, मग कुस्करलेलं, मग मऊ. सगळं चमचे मोजून दिलंय. आठव्या आठवड्यानंतर एकच ओळ आहे: ‘सर्वसाधारण आहार, चावून खा.’ संध्याकाळचे पाच या फाइलमध्ये कुठेच नाहीत. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला दिलेल्या फाइलमध्ये चिवडा, भडंग, फरसाण यांतला एकही शब्द नाही. दलिया आणि ओट्स मात्र आहेत.

गोडाचं सांगते. साताऱ्यात राहून कंदी पेढ्याशिवाय कसं होणार, असं सगळे विचारायचे. पेढ्याची ओढ आपोआप सुटली. सणाला दोन पेढे एकदम खाल्ले की तास-दीड तासाने दरदरून घाम, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टर म्हणाले, साखर झपकन चढते आणि तितकीच झपकन खाली येते. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. एकदा तो थरकाप अनुभवला की जिभेचं काही चालत नाही. भडंगाच्या बाबतीत असा कुठलाच पहारा शरीराने ठेवलेला नाही.

आणि ती कुरकुरीत खायची ओढ वाढतच गेली. गौरीच्या सुमाराला फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यांवर आली. तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकणं सुरू झालं. पहिलीच्या वर्गात पाटीवरची पेन्सिल हातात घेतली की ती चावून बघावी असं तीव्रतेने वाटायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘ताणाने होत असेल.’’ ऑपरेशन झालेल्यांच्या गटातल्या बायकांचं एकच उत्तर, मन घट्ट कर.

इथवर लिहिलं तेव्हा मी पाचपैकी तीन तारे ठरवले होते आणि सारांश असा होता की ऑपरेशन भुकेवर चालतं, ओढीवर चालत नाही.

पुढचं आता, रिपोर्ट आल्यावर लिहितेय, आणि वरचं मत मला बदलावं लागतंय.

बाराशे रुपये द्यायचे नाहीत असं ठरवून मी इथल्याच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन, भडंग हे सगळं ऐकून घेतलं आणि बर्फाचा विषय निघाल्याबरोबर पेन खाली ठेवलं. ‘‘बर्फ? आणि कच्चे तांदूळ? फेरिटिन कधी केलंय?’’ कधीच नाही. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. तपासलं तर ६, साठा जवळजवळ रिकामा. हिमोग्लोबिन ११.४.

बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह संपत आल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. शाळेत आम्ही पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतो, सहावीपासून पुढे निळी, ती याचसाठी. स्लीव्हमध्ये आम्ल तयार करणारा जठराचा मोठा भाग जातो. लोह शोषलं जायला ते आम्ल लागतं. त्यात मला ऑपरेशननंतर छातीत जळजळ सुरू झाल्याने आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी चालू. त्यात पाळी. त्यात मांसाहार अडतो म्हणून सुटलेला. लोह यायचे रस्ते एकेक करून बंद होत होते आणि जाण्याचा रस्ता दर महिन्याला उघडा होता.

आता माझा सगळा राग फेरिटिनवर येऊन थांबलाय, आणि तो मी सविस्तर मांडणार आहे.

पॅकेजमध्ये तीन वेळा रक्त तपासलं. त्या यादीत साखर, एचबीए१सी, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, बी१२, डी आणि हिमोग्लोबिन. फेरिटिन नाही. वर्ष पूर्ण झालं तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ आलं आणि ‘नॉर्मल’ असा हिरवा शिक्का पडला. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं. आधी साठा रिकामा होतो, आणि साठा मोजायचा तर फेरिटिनच बघावं लागतं. अमेरिकेतल्या बॅरिएट्रिक (वजन उतरवायच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत लोहाची स्थिती बघा, मग वर्षभर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी. पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह द्या, असंही तिथे आहे. हॉस्पिटलने लिहून दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनचं पाकीट मी उलटं करून वाचलं. १४ मिलिग्रॅम. आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकत्रच घ्या असं फाइलमध्ये छापलंय, जेव्हा कॅल्शियम लोहाला अडवतं आणि दोन्हींत किमान दोन तास अंतर हवं. ही तपासणी आमच्या इथल्या लॅबमध्ये सातशे रुपयांना झाली. काही लाखांच्या पॅकेजमध्ये सातशे रुपये वाचवले, आणि माझे कितीतरी महिने दम लागण्यात, केस गळण्यात आणि स्वतःला दोष देण्यात गेले. केस गळतात तर ‘सगळ्यांचेच गळतात, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात’ असं सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण वर्षानंतरही गळत असतील तर कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता.

डॉक्टरांनी गोळ्यांवर वेळ घालवला नाही. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे लोहाचं औषध, एक ग्रॅम, शिरेतून. औषध आणि सलाईन मिळून चार हजारांच्या घरात गेलं. बर्फाची ओढ आठवड्याभरात गेली. तांदळाचा डबा समोर असला तरी हात जात नाही. पेन्सिल ही पुन्हा फक्त पेन्सिल झाली. जिना चढताना धाप कमी झाली, त्यामुळे संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला थोडं चालायला जाते.

भडंग? ते पूर्ण सुटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण त्यातली धार गेलीय. आधी पाच वाजता हात आपोआप पुडीकडे जायचा, आता मला निवडता येतं. आणि कुरकुरीत खाण्याला मी नाही म्हणणं बंद केलंय, कारण दाताला ते हवंच असतं. त्याऐवजी फुटाणे. मूठभर, तीसेक ग्रॅम, त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, चावायला वेळ लागतो आणि नळीत बसून राहतात, त्यामुळे दुसरी मूठ जात नाही. आठवड्यातून दोनदा सासूबाई तव्यावर सुकट कोरडी भाजून देतात, वर कांदा आणि लिंबू. खारट असते म्हणून आधी धुऊन घेतात. याने जो कुरकुरीतपणा मिळतो तो कुठल्याच डाएट बिस्किटात नाही, आणि ही प्रथिनं आहेत. भडंग खायचंच असेल तर जेवणानंतर, ताटात वाढून, घरी. चालता चालता पुडीतून नाही.

प्रोटीन पावडरचा व्हॅनिला चवीचा डबा मी अर्धा शेजारणीला दिला. अडीच हजारांचा डबा आणि गोडसर चिकट चव, त्यानंतर उलट तिखट-खारट खावंसं वाटतं. बिनचवीची पावडर मिळते, ती ताकात जिरं-मीठ घालून छान लागते. उकळत्या कढीत घालू नका, गुठळ्या होतात. कोमट झाल्यावर घाला. हातात पैसे मोजकेच असतील तर अंडी, मुगाचं धिरडं आणि घरचं घट्ट दही यांवर बरंच भागतं.

चार किलो वाढले त्याबद्दल. सगळ्यात कमी वजन गाठल्यावर थोडं परत येणं हे बहुतेकांना होतं, हे मला ऑपरेशनआधी कुणी सांगितलं असतं तर दिवाळीनंतर काट्यावर उभी राहून रडले नसते. आता ७५.५ आहे. नणंद विचारते, आता वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आलीत, मार्च २०२५ मध्ये माऊंजारो, जूनमध्ये वेगोवी, तू उगीच पोट कापून घेतलंस का? तिला मी सांगितलं, इंजेक्शन थांबलं की भूक परतते आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. माझ्या पगारात ते बसत नाही. मला हेच बरोबर होतं आणि अजूनही आहे.

म्हणून तारे वेगळे करते. शस्त्रक्रियेला पाचपैकी साडेचार, सर्जनच्या हाताला पाच. पॅकेजला एक, आणि तोही रात्री दोनला माझ्या उलट्या थांबवायला धावत आलेल्या नर्सताईंसाठी.

जी कुणी करणार असेल, आणि विशेषतः जिची पाळी चालू आहे तिने, सही करण्याआधी तपासण्यांची यादी लेखी मागावी आणि त्यात फेरिटिन हा शब्द बोट ठेवून शोधावा. नसेल तर तिथेच लिहून घ्यावं. फॉलो-अप एक वर्षाचा म्हणतात, तो दोन वर्षांचा करून मागावा, कारण भूक गायब असते त्या वर्षात आहारतज्ज्ञांची फारशी गरजच पडत नाही. माझं पुढचं फेरिटिन फेब्रुवारीत आहे. डॉक्टरांना ते ५० च्या वर हवंय. आकडा आला की इथेच खाली लिहीन, आणि हॉस्पिटलने यादी बदलली तर तेही लिहीन. त्यांना मी रिपोर्टसकट पत्र पाठवलंय.