रिपोर्टात 39,860, बिलात 14,200

पिंपरी-चिंचवडमधलं मॉड्युलर किचनचं एक दुकान. महिन्याला 50,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 59,000 रुपये डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सीला जायचे. तोंडी ठरलं होतं की 40,000 गुगल आणि फेसबुकच्या जाहिरातींना, 10,000 एजन्सीची फी. दर महिन्याच्या 3 तारखेला व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायचा. खर्च 39,860, लीड (जाहिरात पाहून आलेल्या चौकशा) 112, एक लीड 356 रुपयांना. शेजारी हिरवे बाण, वर चढत जाणारा आलेख. दुकानदाराला त्यातलं फारसं कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की दुकानात गिऱ्हाईक येत नाही.

पहिली गाठ सुटली ती फेसबुकच्या ॲड लायब्ररीत. ही लायब्ररी सगळ्यांसाठी खुली आहे. देश भारत निवडायचा, 'सर्व जाहिराती' निवडायचं आणि आपल्या पेजचं नाव टाकायचं. त्या क्षणी पेजवरून कोणत्या जाहिराती चालू आहेत आणि त्या कोणत्या तारखेला सुरू झाल्या, ते समोर येतं. बुधवारी दुपारी पाहिलं तर एकही जाहिरात चालू नव्हती. गुरुवारी, शुक्रवारीही नाही. पुढच्या रिपोर्टात मात्र जाहिरात महिनाभर अखंड चालली होती! गुगलचंही असंच एक पान आहे, 2023 साली सुरू झालेलं ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर. या दोन्ही ठिकाणी साध्या जाहिरातीवर किती पैसे गेले ते कळत नाही, पण जाहिरात होती की नव्हती एवढं कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी करावं असं.

मग दुकानदाराने जाहिरातींच्या खात्याचा ॲक्सेस मागितला, म्हणजे आत जाऊन बघण्याची परवानगी. उत्तरं ठरलेली असतात, तीच आली. "सर, ते आमच्या मास्टर खात्यात आहे, शेअर होत नाही." "आमची स्ट्रॅटेजी गोपनीय असते." "रिपोर्ट देतोच आहोत ना?" यातलं पहिलं उत्तर सरळ खोटं आहे. एजन्सीच्या मॅनेजर खात्याखाली (सगळ्या ग्राहकांची खाती एकत्र सांभाळणारं खातं) असलेल्या प्रत्येक गुगल ॲड्स खात्याला स्वतःचा दहा आकडी कस्टमर आयडी असतो आणि 'रीड ओन्ली', म्हणजे फक्त बघण्याचा ॲक्सेस कुणालाही एका ईमेलवर देता येतो. दुसऱ्यांसाठी जाहिराती चालवणाऱ्यांना गुगलचा नियमही आहे. ग्राहकाला खर्च, क्लिक आणि इंप्रेशनचे (जाहिरात किती वेळा दिसली) आकडे द्यावे लागतात, वेगळी फी घेत असल्यास ते सांगावं लागतं आणि मागितल्यावर कस्टमर आयडी द्यावा लागतो. हा नियम लेखी दाखवल्यावर तीन आठवड्यांनी ॲक्सेस मिळाला.

आत गेल्यावर आधी आलेख बघत बसू नये, थेट 'चेंज हिस्टरी' उघडावी. कोणी, कधी, काय बदललं ते तिथे तारीख-वेळेसकट असतं. या गुगल खात्यात महिन्याच्या 1 तारखेला मोहीम चालू, 12 तारखेला सकाळी बंद, पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला पुन्हा चालू, असा क्रम दिसला. दिवसाचं बजेट 600 रुपये. म्हणजे अकरा दिवसांचे 6,600. फेसबुकच्या बिलिंगमध्ये त्याच महिन्याचे 7,600. एकूण 14,200. ठरलेल्या 40,000 मधले 25,800 एजन्सीकडेच राहिले. 10,000 ची म्हणून सांगितलेली फी प्रत्यक्षात 35,800 ची होती.

पीडीएफमधला आकडा कुठून आला? एक्सेलमधून. स्क्रीनशॉट दाखवला असता तरी फरक पडला नसता, कारण ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा कोणताही आकडा मिनिटभरात बदलून त्याचा फोटो काढता येतो. पुरावा म्हणून एकच कागद धरावा, तो म्हणजे बिलिंगच्या भागातून आपण स्वतः उतरवलेलं गुगल किंवा मेटाचं (फेसबुकची कंपनी) महिन्याचं टॅक्स इन्व्हॉइस.

भांडायला गेल्यावर दुकानदार आणखी एका ठिकाणी अडकला. एजन्सीच्या बिलावर एकच ओळ होती, 'डिजिटल मार्केटिंग सेवा, 50,000'. त्यातले 40,000 जाहिरातीचे, असं कागदावर कुठेही नव्हतं. एजन्सीचं म्हणणं तयारच होतं की आम्ही पॅकेज विकलं, आतला हिशेब आमचा. एकरकमी पॅकेज घेणं गैर नाही, पण मग जाहिरातीवर कमीत कमी किती खर्च होणार ते कोटेशनमध्ये आकड्यात लिहून घ्यावं लागतं. तोंडी बोलणं असेल तर त्याच दिवशी 'ठरल्याप्रमाणे 40,000 जाहिरातीला, 10,000 फी' असा मेल टाकून 'ओके' मागवावं.

खर्च झालेल्या 14,200 ची कथा वेगळीच. गुगलच्या 6,600 पैकी 2,900 डिस्प्ले नेटवर्कवर, म्हणजे गुगलच्या शोधात नव्हे तर इतर वेबसाइट आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर, गेले होते. सर्चची मोहीम बनवताना डिस्प्लेसमोर खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते, ती कुणी काढली नाही. जाहिरात मोबाइलवरच्या गेममध्ये दिसली आणि खेळणाऱ्यांची बोटं चुकून तिच्यावर पडली. उरलेल्या पैशांसाठी 'सर्च टर्म्स' रिपोर्ट पाहिला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं आणि आपण कशाचे पैसे भरले, ते यात दिसतं. 'जुनी किचन ट्रॉली विकणे', 'कारपेंटर पाहिजे पगार', 'किचन डिझाइन फोटो', 'मॉड्युलर किचन कोर्स'. कीवर्ड ब्रॉड मॅचवर (जवळपासच्या अर्थाच्या शोधांवरही जाहिरात दिसते) सोडून दिला आणि निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांची, यादी रिकामी ठेवली की हेच होतं. नोकरी, पगार, कोर्स, जुनी, फोटो हे पाच शब्द पहिल्याच दिवशी निगेटिव्हमध्ये जायला हवे होते.

जाहिरात कुठल्या भागातल्या लोकांना दाखवायची, त्या ठिकाणाच्या सेटिंगवरही एजन्सीला दोष देता येईल, पण जरा थांबून. मूळ सेटिंगमध्ये त्या शहरात असलेले आणि त्या शहरात रस दाखवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक येतात. हॉटेलवाल्याला ते हवंच असतं. किचनवाल्यालाही दुबईत राहणारा आणि वाकडमध्ये फ्लॅट घेतलेला माणूस चालेल. घरपोच डबा देणाऱ्याला मात्र ते सेटिंग बुडवेल.

आता त्या 112 लीड. बहुतेक फेसबुकच्या इन्स्टंट फॉर्ममधून आलेल्या. हा फॉर्म नाव आणि नंबर आपोआप भरून देतो, त्यामुळे अंगठा दोनदा टेकला की झाली लीड तयार. दुकानातल्या मुलीने वही घेऊन सगळ्यांना फोन लावले. 38 नंबर लागलेच नाहीत, 41 जणांना आपण फॉर्म भरल्याचं आठवत नव्हतं, 24 जण नोकरी किंवा फक्त भाव विचारत होते. माप घ्यायला बोलावणारे 9. म्हणजे 50,000 भागिले 9, एक खरी चौकशी 5,556 रुपयांना. फॉर्म 'मोअर व्हॉल्यूम'ऐवजी (जास्त लीड) 'हायर इंटेंट' (खरा रस असलेल्या लीड) ठेवला असता, 'फ्लॅटचा ताबा कधी?' असा एक प्रश्न घातला असता, तर लीड निम्म्याहून कमी आल्या असत्या. पण मग रिपोर्ट इतका गोंडस दिसला नसता.

फसवणूक नसलेली एक गोष्ट मात्र लोक हमखास फसवणूक समजतात. गुगलवर दिवसाचं बजेट 1,000 ठेवलं आणि एका दिवशी 1,900 गेले, तर ते नियमात बसतं. एका दिवशी दुप्पटीपर्यंत जाऊ शकतं. पण महिन्याला 30.4 गुणिले दिवसाचं बजेट, म्हणजे 30,400 च्या वर आकारणी होत नाही. त्यावर जीएसटी वेगळा, हे धरूनच पैसे बाजूला काढावेत.

खातं नव्याने उघडायचं तर ते दुकानाच्या जीमेलवर, दुकानाच्या जीएसटी नंबरने, आणि शक्यतो आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीवर. यूपीआयने 10,000 भरले की तेवढेच जातील, कार्डावर हात पडणार नाही. एजन्सीला गुगलवर 'स्टँडर्ड' ॲक्सेस पुरतो, ॲडमिन आपणच राहायचं. मेटावर ॲड अकाउंट आपल्या बिझनेस पोर्टफोलिओत (धंद्याची पेजेस आणि खाती एकत्र ठेवण्याची जागा) काढायचं आणि एजन्सीचा बिझनेस आयडी 'पार्टनर' म्हणून जोडायचा. पासवर्ड कुणालाही द्यायची गरज पडत नाही. मागणारा एकतर आळशी असतो किंवा काहीतरी लपवत असतो. 'गुगलमधून बोलतोय, तुमचं मॅपवरचं लिस्टिंग एक्स्पायर होतंय' असा फोन आला तर ठेवून द्यावा, कारण मॅपवरच्या त्या नोंदीला, म्हणजे बिझनेस प्रोफाइलला, गुगल पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा.

या दुकानदाराने नोटीस पाठवली, काही रक्कम परत मिळाली. खातं मात्र एजन्सीच्या नावावर होतं, ते तिकडेच राहिलं. कोणत्या शब्दावर चौकशी येते, वेबसाइटवर कोण येऊन गेलं, कोणती जाहिरात चालली, हा साठलेला सगळा डेटाही तिकडेच. नवं खातं पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागलं, आणि पहिल्या महिन्याचा बराचसा खर्च ते सगळं पुन्हा शोधण्यातच गेला.