अभ्यासगटासाठी टेलिग्राम की मूडल?

नोकरी सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या ठाणे-ऐरोलीकडच्या मंडळींचा ऑनलाइन गट मी चालवतो. असा गट कशावर काढावा, हे बरेच जण विचारतात. व्हॉट्सअ‍ॅप सोडून द्या. भावकीच्या ग्रुपमधून डोकं वर काढून कोणी संविधान वाचत नाही. निवड टेलिग्राम आणि मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) यांतच करायची.

सोयीच्या बाबतीत टेलिग्रामला तोड नाही. लिंक पाठवली की माणूस आत. जुना मजकूर नव्यांना दिसेल असं ठेवता येतं, 2022 पासून विषयवार टॉपिकही करता येतात. मूडलही फुकट आणि मुक्त स्रोत आहे, पण ते होस्टिंग घेऊन बसवावं लागतं, वेळच्या वेळी अपडेट करावं लागतं, आणि कुणाचा ना कुणाचा पासवर्ड हरवलेला असतोच. हे निस्तरायला वेळ नसेल तर खुशाल टेलिग्राम घ्या.

मला खटकलं ते वेगळंच. 'कलम 226 खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार कलम 32 पेक्षा व्यापक कसा?' असा प्रश्न ग्रुपवर टाकला की एखादा हुशार गडी लोकलमध्ये बसल्या बसल्या लिहून मोकळा: 32 मूलभूत हक्कांपुरतं, 226 इतर कायदेशीर हक्कांसाठीही. उत्तर बरोबर. मग त्याखाली अंगठे, 'सेम', 'हेच लिहिणार होतो'. बाकीच्यांचं लिहायचं राहूनच जातं. राज्यसेवा मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झाली. तिथे अंगठा उठवून भागत नाही. यात टेलिग्रामचा दोष नाही म्हणा, चॅटचा स्वभावच तो.

मूडलच्या फोरममध्ये प्रश्नोत्तरांचा एक प्रकार आहे. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांचं दिसतच नाही. टाकल्यावरही दुरुस्तीची मुदत संपावी लागते. ती बदलली नाही तर 30 मिनिटांची असते. त्यामुळे दोन शब्द खरडून डोकावणाऱ्यांचीही पंचाईत होते. आमच्याकडचे गप्प बसणारे यामुळेच लिहायला लागले असं मला वाटतं, मोजलेलं नाही. शिवाय हाताने लिहिलेल्या उत्तराची पीडीएफ आली की तिच्यावरच खुणा करून परत देता येते.

निव्वळ चालू घडामोडी आणि नोट्स वाटायच्या तर मूडलचा खटाटोप कशाला? उत्तरलेखन करून घ्यायचं असेल तर मात्र मी मूडलच म्हणेन. टेलिग्राम आम्हीही ठेवलंय, 'प्रश्न टाकलाय, रात्री 10 पर्यंत लिहा' एवढं कळवायला. नाहीतर मूडल आपणहून कोण उघडतंय!