विहिरीवरचा पंप वाय-फाय रिलेवर : आठ महिन्यांत काय टिकलं, काय बदलावं लागलं

वापर ऑक्टोबर ते मे. जागा कोकणातली : चिऱ्याचं घर, तिथून साठेक मीटरवर विहीर, विहिरीवर १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र), वर हजार लिटरची टाकी. पंपाशेजारच्या डब्यात ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपवर चालणारा चार रिलेंचा (विजेने चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड, त्यात टास्मोटा फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आणि जोडीला ४३३ मेगाहर्ट्झचा चार बटणांचा रिमोट व त्याचा रिसीव्हर. मत आधीच सांगून टाकतो : बोर्डाने एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो जोडणीने, आणि जोडणीचं ते चित्र बहुतेक व्हिडिओंत दाखवतात तेच होतं.

बोर्डावरचे निळे रिले म्हणजे एसआरडी-०५व्हीडीसी-एसएल-सी. अंगावर १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं आणि तिथेच माणूस फसतो. हा आकडा हीटर किंवा बल्बसारख्या साध्या लोडचा. १ एचपी मोटर चालू असताना ५ ते ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. तेवढ्यात पॉइंट एकमेकांना चिकटतात. मग फोनवर 'बंद' दिसतं आणि मोटर चालूच राहते. म्हणून मोटरचा करंट रिलेतून न्यायचाच नाही. मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ (मोटरच्या लोडचा) वर्गात किमान ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटचा दणकट रिले, हवा, १२ चा घेतला तर आणखी बरं. अशा छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण ७० व्हीए आणि धरून ठेवताना ७-८ व्हीए घेते. एवढं ओझं निळा रिले वर्षानुवर्षं पेलेल. मोटरने जास्त करंट घेतला की तोडणारा ओव्हरलोड रिले तीन पोलचा मिळतो. सिंगल फेजला करंट तिन्ही पोलांतून एकामागोमाग एक फिरवून घ्या. एखादा पोल मोकळा ठेवला तर फेज गेला असं समजून तो उगाच ट्रिप होतो.

आता मुख्य तक्रार. पहिली जोडणी सरळ होती : रिले चालू तोवर कॉइलला फेज, रिले बंद की कॉइल बंद. हिवाळ्यात काही बिघडलं नाही. मार्चपासून संध्याकाळी व्होल्टेज पडायला लागलं आणि कॉन्टॅक्टर खडखड वाजू लागला. कारण सोपं आहे. कॉइल खात्रीने ओढते ती नेमलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २३० च्या कॉइलला सुमारे १९५ व्होल्ट. लाइन २०० वर असली की कॉन्टॅक्टर ओढतो, मोटर सुरू होताना लांब वायरीत व्होल्टेज आणखी खाली जातं, कॉन्टॅक्टर सुटतो, मोटर सुटल्यामुळे व्होल्टेज वर येतं, रिले चालूच असल्याने कॉन्टॅक्टर पुन्हा ओढतो. सेकंदाला दोन-चार वेळा हे चालतं. दर वेळी मोटरचा सुरुवातीचा करंट पॉइंटवर ठिणगी पाडतो. उघडून पाहिलं तर चांदीच्या टिकल्या काळ्या आणि खडबडीत. सॉफ्टवेअरला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी पंप मजेत चालू असतो.

उपाय गावातल्या कुठल्याही वायरमनला पाठ असलेला आहे : हिरवं बटण, लाल बटण. रिलेला स्विच म्हणून वापरायचं सोडून त्याला बटण दाबणारं बोट करायचं : रिले १ 'चालू'साठी, रिले २ 'बंद'साठी. एनसी म्हणजे एरवी जोडलेला पॉइंट, एनओ म्हणजे एरवी सुटा. फेज आधी टाकीच्या फ्लोटमधून (टाकी भरली की तोडणारा तरंगता स्विच), मग टाइमरच्या एनसीमधून, मग लाल बटणातून, मग रिले २ च्या एनसीतून, मग रिमोटच्या 'बंद' रिलेच्या एनसीतून. इथवर सगळं एका ओळीत. पुढे हिरवं बटण, आणि त्याला समांतर तीन गोष्टी : रिले १ चा एनओ, रिमोटच्या 'चालू' रिलेचा एनओ, आणि कॉन्टॅक्टरचा स्वतःचा १३-१४ पॉइंट. तिथून ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून कॉइलच्या ए१ ला, ए२ न्यूट्रलला. रिले १ सेकंदभर लागतो, कॉन्टॅक्टर ओढतो आणि १३-१४ मधून स्वतःला धरून ठेवतो. व्होल्टेज पडलं की एकदाच सुटतो आणि सुटलेलाच राहतो. खडखड संपली. लाइट जाऊन आली तरी पंप आपसूक सुरू होत नाही, हा दुसरा फायदा. महावितरण शेतीपंपांना ऑटो स्विच लावू नका म्हणून सांगत असतं त्यामागेही हेच : लाइट येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो.

या पद्धतीची एक किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आधी बोर्ड रीसेट झाला की रिले सुटून पंप बंद व्हायचा. आता बोर्ड मेला तरी पंप चालू राहतो. म्हणून फ्लोट आणि टाइमर हे बोर्डाच्या भरवशावर सोडायचे नाहीत, ते कॉइलच्या वाटेतच हवेत. ऑन-डिले टाइमरची (वीज मिळाल्यापासून ठरलेल्या वेळेने पॉइंट बदलणाऱ्या) कॉइल कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर आणि त्याचा एनसी वर सांगितलेल्या ओळीत. टाकी २५ मिनिटांत भरत असेल तर टाइमर ४० वर लावा. यातही एक फट उरते : 'चालू'चा रिले चिकटलेला असेल तर टाइमर सोडून परत सुरू करेल. म्हणून महिन्यातून एकदा टाइमर ५ मिनिटांवर आणून पंप खरोखर बंद राहतो का ते पाहावं.

टास्मोटातल्या नोंदी. दोन्ही रिलेंना पल्सटाइम (रिले लागल्यावर किती वेळाने आपोआप सुटायचा ती वेळ) १० द्यायचा, म्हणजे एक सेकंद. इथे गणित विचित्र आहे : १११ पर्यंतचा आकडा दहांश सेकंदात मोजला जातो, ११२ पासून पुढे आकड्यातून १०० वजा करून उरतील तेवढे सेकंद. वीस मिनिटं हवी असतील तर १२०० लिहून चालत नाही, १३०० लिहावे लागतात. पॉवरऑनस्टेट मूळचा ३ असतो, म्हणजे लाइट गेली तेव्हाची स्थिती परत आणणारा. तो ० करा. रिले १ लागला की रूलटाइमर (टास्मोटाच्या नियमांतला टाइमर) १२०० सेकंदांचा सुरू आणि तो संपला की रिले २, एवढा एक नियम पुरतो. टाइमझोन +०५:३० टाकायला विसरलात तर वेळापत्रक भलत्याच वेळी चालेल.

आणि एक नोंद जी आपल्याकडे सक्तीची म्हणावी : सेटऑप्शन६५ ची किंमत १. टास्मोटात एक सोय आहे, लाइट दर वेळी दहा सेकंदांच्या आत अशी लागोपाठ सहा-सात वेळा गेली-आली की सगळ्या सेटिंग पुसून यंत्र कोरं होतं. पासवर्ड विसरलेल्यासाठी ठेवलेली ही सोय. पण वादळी संध्याकाळी आपली लाइन स्वतःच हा खेळ करते, आणि सकाळी बोर्ड वाय-फायवर सापडतच नाही. बोर्ड जळाला असं समजून फेकून दिलेले कितीतरी निव्वळ कोरे झालेले असणार.

पॉवर सप्लायवर काटकसर करू नका. ५ व्होल्टच्या एका कॉइलला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात, चार मिळून २८०. ईएसपी वाय-फायवर पाठवताना क्षणभर ३०० च्या आसपास जाते. म्हणजे ६०० मिलिअँपिअरचा छोटा मॉड्यूल काठावर आला. किमान १ अँपिअरचा घ्या आणि बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. हा बोर्ड इनपुट खाली ओढला की रिले लावणारा आहे, त्यामुळे टास्मोटात साधा 'रिले' निवडला तर सगळं उलटं चालतं, 'रिले_आय' निवडायचा. पिना ४, ५, १२, १४ घ्या. ०, २ आणि १५ या बूट होताना चिप स्वतः वाचते, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ५ व्होल्टचा रिले बोर्ड आणि ३.३ व्होल्टची ईएसपी वेगवेगळी घेऊन जोडत असाल तर रिले बंद असताना इनपुटचा एलईडी मंद पेटलेला राहतो का ते अंधारात पाहा. राहत असेल तर त्या बोर्डावरचा रिले कधीतरी सुटणार नाही, बोर्ड बदलून घ्या.

कॉन्टॅक्टर सुटताना बोर्ड रीसेट होणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी रड. कॉइल सुटताना उसळणारं व्होल्टेज वायरीतून बोर्डापर्यंत पोचतं. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, एक्स२ वर्ग, २७५ व्होल्ट एसी, एवढा स्नबर (उसळी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) थेट ए१-ए२ वर बसवा. बोर्डाच्या बाजूला बसवून अर्धाच उपयोग. डब्यात २३० च्या वायरी आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या कडेने न्या.

वाय-फायचं अंतर कागदावर ठीक, चिऱ्याच्या भिंतीपुढे नाही. राउटर माजघरात असताना विहिरीवर टास्मोटाच्या माहितीपानावर -८४ डीबीएम (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) दिसत होतं आणि बोर्ड दिवसातून कितीतरी वेळा तुटत होता. पडवीत वाशाला एक ॲक्सेस पॉइंट टांगल्यावर -६७ आलं, तेव्हापासून तक्रार नाही. -७५ पेक्षा खाली असेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी अँटेना हलवा. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि लोखंडी डब्यात बंद केली तर तिथूनही ऐकू येत नाही, डबा प्लास्टिकचा.

४३३ चा रिमोट भिंतींतून बराच चांगला जातो आणि राउटर बंद असला तरी चालतो, म्हणून तो ठेवावाच. रिसीव्हरला १७.३ सेंटिमीटरची सरळ वायर अँटेना म्हणून लावा. गुंडाळी करून डब्यात कोंबू नका. मोड 'मोमेंटरी' (बटण दाबलं असेल तोवरच रिले लागणारा) ठेवा. 'टॉगल'मध्ये एकच बटण चालू आणि बंद करतं, आणि साठ मीटरवरून आपण नक्की काय केलं ते कळत नाही. बाजारातले स्वस्त रिमोट ठरलेला कोड पाठवतात, तो कुणीही पकडून पुन्हा पाठवू शकतो. पंपाला चालेल, फाटकाला किंवा शटरला हा रिमोट लावू नये.

रिले लागला म्हणजे पाणी चढलं असं नव्हे. मोनोब्लॉकचा फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणारी झडप) गळत असेल तर रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी फोनवरून सुरू केलेली मोटर कोरडी फिरत राहते, सील भाजतं. समोर उभा असलेला माणूस आवाजावरून ओळखतो. फोनला कान नाहीत. कॉन्टॅक्टरचा सहायक पॉइंट थेट ईएसपीच्या पिनला जोडून खबर घ्यायचा मोह होतो, पण ते पॉइंट ३.३ व्होल्टच्या किरकोळ करंटसाठी बनलेले नसतात. बऱ्याच कॉन्टॅक्टरच्या कागदावर किमान १७ व्होल्ट, ५ मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. त्याखाली पॉइंटवरचा गंज फुटत नाही आणि खबर कधी येते, कधी येत नाही. त्याऐवजी पीझेडईएम-००४टी मीटर लावला. व्होल्टेज, करंट दोन्ही देतो, टास्मोटा त्याला ओळखतं, आणि करंटसाठी तारेवर नुसतं कडं अडकवायचं असतं. भरलेल्या पंपाचा आणि कोरड्या पंपाचा करंट एकदा टिपून ठेवा, दोहोंच्या मधला आकडा हद्द म्हणून धरा, आणि सुरू झाल्यावर मिनिटभर थांबून करंट त्याखाली असेल तर रिले 'बंद' दाबेल असा नियम लिहा. व्होल्टेज २०० च्या खाली असताना सुरूच करायचं नाही, हेही याच मीटरवर ठरवता येतं.

एमक्यूटीटीवरून (यंत्रांमधल्या संदेशांची पद्धत) चालवणाऱ्यांनी आदेशावर 'रिटेन' लावू नये. ब्रोकर, म्हणजे संदेश पोचवणारा सर्व्हर, तो संदेश जपून ठेवतो आणि बोर्ड परत जोडला गेला की पुन्हा हातात देतो. पंप मध्यरात्री 'आपोआप' सुरू होण्यामागे बहुधा हेच निघतं. चुकून लागला असेल तर त्याच टॉपिकवर रिकामा संदेश रिटेन लावून पाठवला की पुसला जातो. राउटरचं पोर्ट उघडून बोर्डाचं पान इंटरनेटवर ठेवू नका, वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून या. जिथे वाय-फायच पोचत नाही अशा शेतावर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर घेतलेला बरा.

डब्याबद्दल. आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारा) लिहिलेला डबा घेऊन त्याला ड्रिलने मोठी भोकं पाडली की तो आयपी६५ राहत नाही. प्रत्येक वायरीला मापाचा ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारी बुची), आणि सगळ्या वायरी खालून. मुंग्यांना रिलेची ऊब आवडते. न वापरलेला एक ग्लँड उघडा राहिला होता आणि एप्रिलमध्ये बोर्डाखाली वारूळ निघालं. टर्मिनलचे स्क्रू पहिल्या महिन्यानंतर एकदा आवळावे लागतात, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूच्या टोप्या) असतील तर कमी. डब्याआधी १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की तोडणारा) आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा आयसोलेटर. विजांचा गडगडाट ऐकू आला की हा आयसोलेटर हाताने पाडायचा, कारण साठ मीटर वायर ही विजेला साठ मीटरची अँटेनाच; आणि ते काम कुठल्याच रिलेवर सोपवता येत नाही.