फाइनमन, खंड पहिला: नोकरी सांभाळून वाचताना

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनच्या भौतिकशास्त्रावरच्या व्याख्यानांचा हा पहिला खंड. एफवायची परीक्षा तोंडावर असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. मूळ खंडात धड्याअखेरी सोडवायला एकही गणित नाही, त्यामुळे जोडीला गणितांचं एखादं जाडजूड पुस्तक लागतंच. फाइनमनने ही व्याख्यानं १९६१ ते १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिली, आणि मुलांच्या दृष्टीने प्रयोग फारसा जमला नाही असं प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो.

नवव्या धड्यासाठी मात्र सगळं माफ. ग्रहाची कक्षा काढताना तो लंबवर्तुळाचं सूत्र आणतच नाही. सोयीच्या एककांत सूर्यापासून अंतर ०.५, वेग १.६३, काळाची पायरी ०.१. दर पायरीला त्वरण काढा, त्यावरून वेग, वेगावरून नवी जागा. युक्ती एवढीच की वेग पायरीच्या मधोमध धरायचा. मी हे एक्सेलमध्ये मांडलं आणि विसेक ओळींत ग्रह सूर्याला अर्धी फेरी घालून पलीकडे! बारावीत केप्लरचे नियम नुसते पाठ केले होते. इथे बेरीज, गुणाकार आणि वर्गमुळातून कक्षा आपोआप वळत गेली. मग आकडे बदलून पाहण्यात कित्येक रात्री गेल्या.

सापेक्षता पंधरा ते सतरा या धड्यांत आहे. म्यूऑनचं (इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाचं) उदाहरण चोख: सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर. तरी दहा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर सापडतात, कारण एवढ्या वेगात त्यांचा काळ आपल्या दृष्टीने सावकाश चालतो. सतरावा धडा मात्र घाईत उरकलाय.

लहरी पुस्तकभर विखुरल्यात. दोलक एकविसाव्यात, प्रकाश सव्विसाव्यापासून, आणि ध्वनीसाठी थेट सत्तेचाळिसावा धडा उजाडतो. पण तिथलं गणित सुरेख आहे. ध्वनिलहरीत हवेचं तापमान बदलत नाही असं न्यूटनने धरलं, म्हणून त्याने काढलेला ध्वनीचा वेग साधारण १५ टक्के कमी आला. दाबलेली हवा तापते, हे धरून लाप्लासने तो दुरुस्त केला. बाविसावा धडा वगळून इकडे येऊ नका, संमिश्र संख्या तिथेच पक्क्या होतात.

छापील प्रत घेण्याची गरज नाही. कॅलटेकच्या साइटवर खंड मोफत वाचता येतो, मोबाइलवर समीकरणंही नीट दिसतात. मूळ व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण आणि फळ्याचे फोटोही तिथे आहेत. फाइनमनचा न्यूयॉर्की उच्चार कानाला बसायला वेळ लागतो, पण लोकलमध्ये ऐकायला झकास. पहिले तीन धडे बऱ्यापैकी गप्पांचे आहेत; वेळ कमी असेल तर चौथ्यापासून, म्हणजे ऊर्जेपासून, सुरुवात केली तरी चालेल.