तोंडाशी जाड, मध्ये पातळ: स्क्रीडच्या रुळांनी केलेला घात

ट्रस स्क्रीड (दोन रुळांवरून सरकत, थरथरत ओलं काँक्रीट सपाट करणारं यंत्र) लावून काँक्रीटची जमीन करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं, विशेषतः रूळ आणि शटरिंग (काँक्रीट अडवणारा साचा) भाड्याने उचलणाऱ्यांनी. आम्हाला फसवणारा व्यापारी बोलायला अतिशय गोड होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची मागणी लेखी होती. रुळासाठी ४८.३ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ४ मिमी जाडीचा पाइप, खाली टेकू म्हणून स्क्रूने वरखाली होणाऱ्या खुर्च्या आणि कडेला लोखंडी चॅनल. हाताने ओढायच्या पट्टीला कडेची लाकडी फळीसुद्धा पुरते. ट्रस स्क्रीडचं इंजिन, विंच (यंत्र ओढणारी चरखी) आणि सांगाडा यांचं सगळं वजन मात्र दोन टोकांना, रुळांवर येतं. शिवाय व्हायब्रेशन चालूच. रूळ दोन मिमी दबला की जमीन दोन मिमी दबली, इतकं ते सरळ आहे.

माल उतरला तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस स्वतःच व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन हजर. पाइपाच्या तोंडाला लावून दाखवलं: चार मिमी. सोबत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स, वर ताजा रंग. भाड्याच्या धंद्यात एवढी तत्परता मी तरी पाहिलेली नाही. खुर्च्या मात्र मागितल्यापेक्षा कमी आल्या. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "साहेब, सव्वा मीटरवर लावा. पाइप जाड आहे, काही होत नाही."

पाइप खरंच चार मिमीचा असता तर हिशेब जेमतेम बसत होता. समजा यंत्र तीनशे किलोचं, म्हणजे एका रुळावर दीडशे. खुर्च्या १.२ मीटरवर असतील तर मधोमध झोळ पडतो साधारण दोन मिमी. सपाटी तपासायच्या तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिमीपर्यंतची खोट चालणार असेल तर ते खपून जातं. तोच पाइप अडीच मिमीचा निघाला की झोळ पावणेतीनवर जातो, आणि हे यंत्र उभं असताना. त्यात व्हायब्रेशन, खुर्चीच्या स्क्रूमधली ढिलाई, जोडावरची पायरी मिळवली की काम हातचं गेलं.

आमचं तसंच झालं. काँक्रीट घट्ट झाल्यावर पट्टी फिरवली तर जमिनीला ठरावीक अंतरावर लाटा. व्यापारी म्हणाला, ऑपरेटरने यंत्र जागोजागी थांबवलं. पण खोलगट जागा बरोबर दोन खुर्च्यांच्या मधोमध होत्या आणि उंचवटे बरोबर खुर्च्यांवर. ऑपरेटर कितीही रेंगाळला तरी दर वेळी नेमका मधोमध कसा रेंगाळेल?

आतून गंजलेले काही पाइप तर कायमचे वाकले होते. खरा डाव इथे कळला. वाकलेल्या प्रत्येक पाइपाचे पैसे त्याने आमच्या डिपॉझिटमधून नव्या चार मिमी पाइपाच्या दराने कापले, आणि वर वाकलेले पाइप एकूण एक परत मागायची घाई. त्या घाईमुळेच संशय आला. एक पाइप ग्राइंडरने मधून कापला तर भिंत अडीच मिमी, काही ठिकाणी गंजाने त्याहून कमी. टोकांना आतून वीतभर लांबीचा दुसरा तुकडा ठोकून वेल्ड केलेला, घासून साफ केलेला. व्हर्निअर तोंडालाच का लावला, ते तेव्हा उमगलं. पाइप वाकणं हे त्याच्यासाठी नुकसान नसून उत्पन्न आहे.

यावर व्हर्निअरपेक्षा वजनकाटा बरा. ४८.३ व्यासाचा चार मिमी पाइप मीटरला ४.३७ किलो भरतो, अडीच मिमीचा २.८२. सहा मीटरचा नग सव्वीस किलोच्या आसपास यायला हवा. सतरा-अठरा आला तर चलनावर सही करू नका. चॅनलऐवजी पत्र्याचं शटरिंग देत असतील तर पाच मिमी पत्रा चौरस मीटरला ३९ किलो, तीन मिमीचा साडेतेवीस. पत्र्याला जोडलेल्या पट्ट्यांचं वजन वेगळं धरा. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) पाइपावर कुठेच नसेल तर तो कागद कुठल्याही पाइपाचा असू शकतो.

शंका असेल तर दोन खुर्च्यांवर पाइप ठेवून मधोमध यंत्राच्या निम्म्या वजनाइतक्या सिमेंटच्या गोण्या टांगा आणि ताणलेल्या दोरीपासून झोळ मोजा. आणि खुर्च्यांवर बचत करू देऊ नका. अंतर निम्मं केलं की झोळ आठव्या हिश्श्यावर येतो. ६० सेंटीमीटरवर तो पाव मिमी उरतो.

वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर कडेखालचे जॅकही (शटरिंगला खालून आधार देणारे लोखंडी खांब) तपासा. मूळ पिनच्या जागी सळईचा तुकडा घातलेले जॅक सर्रास फिरतात, आणि ट्रसचा सगळा भार नेमका त्याच ओळीवर येतो.

डिपॉझिटसाठी आम्ही कापलेल्या पाइपाचे फोटो, वजनाची पावती आणि लाटांची मोजमापं लावून नोटीस दिली आहे. कापलेला पाइप त्याने तीनदा मागितला. तो आमच्याकडेच आहे. बाकीचे त्याच्याकडे परत गेलेत, आणि सरळ करून रंग मारलेला पाइप ओळखायचा असेल तर सपाट फरशीवर लोळवा, तो गचके खात जातो.