आयुष्मान वय वंदना कार्ड: बँक निवृत्तांच्या गटविम्यासोबत वापरताना

वयाची सत्तरी पूर्ण केलेल्या नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड 29 ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागले. तेव्हापासून आम्हा बँक निवृत्तांमध्ये, विशेषतः बँकेमार्फत मिळणाऱ्या गट आरोग्यविम्याच्या (गटविम्याच्या) नूतनीकरणाचे दिवस जवळ आले की, एकच प्रश्न विचारला जातो: सरकारचे संरक्षण असताना स्वतःच्या खिशातून हप्ता का भरायचा? मी दोन्ही ठेवले असून दोन्हींचा उपयोग केला आहे. कार्ड अवश्य काढावे, पण त्याच्या भरवशावर गटविमा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ड काढणे सोपे आहे. आधार हा एकमेव पुरावा लागतो आणि वयही आधारवरील जन्मतारखेनुसारच धरले जाते. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यांची पडताळणी मोबाइलवरील ओटीपीने किंवा चेहऱ्यावरूनही होते. जुने आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असणे, हा या कार्डाचा सर्वात मोठा गुण होय. सत्तरीनंतर नवी वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्याला मधुमेह किंवा हृदयविकारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. येथे तसा प्रतीक्षाकाळ नाही.

खरा प्रश्न दोन्हींची सांगड कशी बसते, हा आहे. अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या अनेकांचा समज असा असतो की आधी सरकारी योजना पैसे देईल आणि उरलेला भाग निवृत्तांचा विमा भरेल, कारण तेथील मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमायोजना आणि जुन्या नोकरीतून मिळालेला निवृत्तीविमा यांचा क्रम तसाच ठरलेला आहे. आपल्याकडे अशी उतरंड नाही. आयुष्मानमध्ये प्रत्येक उपचाराचा पॅकेज दर निश्चित असतो, त्यात खाट, शस्त्रक्रिया, औषधे आणि स्टेंटसारखे साहित्य धरलेले असते, आणि रुग्णालयाने रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. रुग्णाच्या नावावर बिलच उरत नसल्यामुळे मेडिक्लेमकडे, म्हणजे गटविम्यासारख्या हप्ता भरून घेतलेल्या आरोग्यविम्याकडे, मागण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. याउलट गटविमा आणि स्वतःची दुसरी पॉलिसी अशी जोडी असेल, तर पहिलीची रक्कम संपल्यावर उरलेला दावा दुसरीकडे करता येतो. म्हणून कार्ड वापरायचे की मेडिक्लेम, हा निर्णय दाखल होतानाच घ्यावा लागतो. डिस्चार्जच्या वेळी घ्यायचा म्हटले तर उशीर झालेला असतो.

माझी अँजिओप्लास्टी आधी ठरवून केलेली होती, त्यामुळे चौकशीला वेळ मिळाला आणि ती कार्डावर झाली. दाखल होताना काउंटरवरील कर्मचाऱ्याने, मेडिक्लेम असणाऱ्याला आयुष्मान चालत नाही, असे ठामपणे सांगितले. हे साफ चुकीचे आहे. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असलेले ज्येष्ठ नागरिकही या कार्डास पात्र आहेत. त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याने, नियम दाखवल्यावर काम झाले. पण ज्याला हा नियम ठाऊक नाही, असा सत्तरीचा माणूस तेथून मुकाट्याने मेडिक्लेमच्या खिडकीकडे गेला असता, याचे मला वाईट वाटते. खोली अर्थातच सामान्य कक्षातील होती. उपचारांत काही कमी जाणवले नाही आणि मला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

पुढे एका रात्री छातीतील संसर्गामुळे श्वास लागला, तेव्हा जवळ जे रुग्णालय होते ते योजनेत नव्हते. तेथे गटविम्याची कॅशलेस सोयच उपयोगी पडली. योजनेत असलेली रुग्णालयेही सर्वच विभागांसाठी नोंदलेली असतात असे नाही. हृदयरोगासाठी असलेले रुग्णालय कर्करोगासाठी नसू शकते. त्यामुळे घराजवळचे कोणते रुग्णालय कोणत्या विभागासाठी चालते, हे प्रकृती ठीक असतानाच 14555 या क्रमांकावर किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारून ठेवावे. डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे वारंवार करावे लागणारे उपचार आणि आधी ठरवलेली शस्त्रक्रिया कार्डावर करावी, म्हणजे गटविम्याची रक्कम अचानक येणाऱ्या आजारासाठी शाबूत राहते. दाखल होण्याआधीचा आणि घरी आल्यानंतरचा खर्च मात्र आयुष्मानमध्ये अनुक्रमे 3 व 15 दिवसांपुरताच आहे. आमच्या गटविम्यात ही मुदत 30 व 90 दिवसांची आहे.

गटविमा सोडू नये, याचे सर्वात वजनदार कारण जोडीदार हे आहे. कार्ड ज्याचे त्याला, वयानुसार मिळते. माझी पत्नी सत्तरीच्या आतली असल्यामुळे तिला ते मिळालेले नाही, आणि मी गटविमा सोडला असता तर तिचेही संरक्षण गेले असते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै 2024 पासून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली झाली आहे, हा तिच्यासाठी मोठा आधार आहे. तरीही रुग्णालयांच्या निवडीची मर्यादा तेथेही येतेच. दोघांनीही सत्तरी ओलांडली तर 5 लाखांची रक्कम दोघांत मिळून वापरायची असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

गटविम्याबद्दल माझी तक्रार हप्त्याची आहे. बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील 2015 च्या द्विपक्षीय करारातून सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी हा विमा आला आणि निवृत्तांना स्वखर्चाने त्यात सामील होता आले. ज्यांचे मूळ निवृत्तिवेतन जुन्या वेतनश्रेणीवर ठरले, त्या वयस्क सहकाऱ्यांना हप्ता खरोखर झेपत नाही आणि नेमके तेच आजाराने घेरलेले आहेत. अशांनी पॉलिसी पूर्ण बंद करण्याऐवजी, पर्याय उपलब्ध असेल तेथे, कमी विमा रकमेची बेस (मूळ) पॉलिसी ठेवून टॉप-अप, म्हणजे तिच्यावरचा वाढीव विमा, वगळावा आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कार्डाचा आधार घ्यावा, असे मी सुचवेन. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश मिळेलच, याची कोणीही हमी देत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेतील निवृत्तांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जुनी योजना आणि वय वंदना यांपैकी एकच निवडावी लागते. सीजीएचएसच्या दवाखान्यातून रोजची औषधे मिळतात, तर आयुष्मानमध्ये बाह्यरुग्ण उपचारच नाहीत. दरमहा औषधे लागणाऱ्या माणसाने ही अदलाबदल करू नये.